पुस्तक आवडलं, पण त्यावर बोलायचं काय?

पत्र

ताई, नमस्कार. सांगलीहून लिहितेय. वय पन्नाशीच्या जवळ, पतसंस्थेत नोकरी. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या बायकांनी पुस्तक भिशी सुरू केली. दरमहा ठरलेली रक्कम जमवायची, जिची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशातून पुस्तकं घ्यायची आणि वाचून झाली की बाकीच्यांत फिरवायची. शिवाय प्रत्येकीने नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. इथेच माझं अडतं. 'बनगरवाडी', 'स्मृतिचित्रे' आणि 'कोसला' अशी तीन पुस्तकं वाचली. पहिली दोन फार आवडली, पण उभी राहिले की गोष्ट सांगून होते आणि 'छान आहे, जरूर वाचा' म्हणून खाली बसते. 'कोसला'चा मला अर्ध्यातच कंटाळा आला, पण बाकीच्या इतक्या भरभरून बोलल्या की मी गप्प राहिले. मागच्या महिन्यात भाचीने मोबाईलवरून दोन परिच्छेद काढून दिले, तेच वाचून दाखवले. टाळ्या पडल्या, पण घरी आल्यावर ओशाळल्यासारखं झालं. महिना उलटला की वाचलेलं आठवतही नाही. मी वाचक म्हणून कमी पडते का? पुढच्या वेळी 'बनगरवाडी'वर बोलायचंय. चिठ्ठीही माझीच निघालीय, तर कोणतं पुस्तक घेऊ?

ता. क. माझे वडील जत तालुक्यात एकशिक्षकी शाळेवर मास्तर होते. 'बनगरवाडी' वाचताना सारखे तेच डोळ्यांपुढे येत होते. पण ते काही पुस्तकाबद्दलचं मत नव्हे, म्हणून कुणाला बोलले नाही.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जे तुम्ही मत नव्हे म्हणून ताज्या कलमात ढकललंत, बोलायला तिथूनच सुरुवात करा. अख्ख्या पत्रात पुस्तकाच्या सगळ्यात जवळची ओळ तीच आहे. वाचक म्हणून तुम्ही अजिबात कमी पडत नाही. वाचताना आत काहीतरी हललं की ते नेमकं कोणत्या पानावर हललं हे मागे जाऊन बघायची सवय तेवढी तुम्हाला नाही, आणि ती लावून घेता येते.

आधी 'बनगरवाडी'च घेऊ. व्यंकटेश माडगूळकर तुमच्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. कादंबरी १९५५ची, पण तिच्यातला मुलूख औंध संस्थानातला. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळा मुलगा मास्तर म्हणून धनगरांच्या वाडीवर जातो. पोरं मेंढरांमागे, शाळेत कुणी येत नाही. कारभाऱ्याच्या मदतीने हळूहळू शाळा भरू लागते, मग मास्तरच्या डोक्यात तालीम बांधायचं येतं, वाडी ती बांधते, राजेसाहेब येऊन जातात. त्यानंतर पाऊस पाठ फिरवतो आणि वाडी ओस पडते. तुम्ही भिशीत एवढं सांगत असाल. ते चूक नाही, पण एवढंच सांगितलं तर ऐकणारीला फक्त गोष्ट कळते. तुम्ही हे पुस्तक वाचताना काय झालं, ते तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आता वडिलांकडे या. 'वडील आठवले' एवढ्यावर थांबू नका. कुठे आठवले? पुस्तक पुन्हा हातात घ्या आणि ती जागा शोधा. मला वाटतं, वाडीतली माणसं मास्तरकडे शाळेबाहेरची कामं घेऊन येऊ लागतात तिथे कुठेतरी ती असेल. कुणाचं भांडण, कुणाचा कागद, कुणाचा तालुक्याहून आणायचा जिन्नस. कारभाऱ्याची अंजी चोळी शिवून आणायला सांगते आणि एवढ्याशा कामावरून कारभारी आणि मास्तर यांच्यात बिनसतं. बाहेरगावच्या मास्तरला वाडीत किती जपून पाऊल टाकावं लागतं, हे त्या प्रसंगात जितकं कळतं तितकं दहा पानांच्या विवेचनातून कळणार नाही. एकशिक्षकी शाळेच्या मास्तरांची मुलगी हे वाचेल तेव्हा तिला घरातलं काहीबाही आठवणारच. जेवता जेवता उठून कुणाचा अर्ज लिहून देणारे वडील आठवतील, नाहीतर गावात कुणाच्या ओट्यावर बसायचं आणि कुणाच्या नाही याचा विचार करणारी आई. हा माझा अंदाज झाला. तुमची जागा निराळी असेल, पण ती एकच आणि नक्की असू द्या. तिथे कागदाची चिठ्ठी ठेवा.

जागा सापडली की स्वतःला दुसरा प्रश्न विचारा: माडगूळकरांनी इथे केलंय काय? हा प्रश्न टाळला तर पाच मिनिटं वडिलांवर जातील आणि पुस्तक टेबलावर पडून राहील. भिशीतल्या बायका आपुलकीने ऐकतील, डोळेही पुसतील, पण 'बनगरवाडी' वाचावंसं कुणाला वाटणार नाही. वडिलांची आठवण तुम्हाला पुस्तकाच्या आत नेते. आत गेल्यावर मात्र बघायचं ते पुस्तकच.

आणि बघितलंत तर दिसेल, की हा मास्तर स्वतःबद्दल फार थोडं बोलतो. तो भ्याला, त्याला आनंद झाला, तो एकटा पडला, हे आपल्याला त्याच्या आजूबाजूच्या माणसांवरून, उजेड-अंधारावरून, मेंढरांच्या येण्याजाण्यावरून कळतं. या खेपेला वाचताना मी शेवटच्या भागाशी बराच वेळ रेंगाळले. दुष्काळावर एवढं मोठं संकट म्हणून कुठे गळा काढलेला नाही. माणसं एकामागून एक निघतात. वाक्यं आखूड होत जातात असं मला वाटलं. मास्तर शाळेत आहे आणि शिकायला पोरंच नाहीत. एरवी बदली झाली की मास्तर गाव सोडतो आणि गाव मागे राहतं. तुमच्या घरानेही ते अनुभवलं असेल, सामान ट्रकमध्ये आणि शेजारी निरोपाला उभे. बनगरवाडीत आधी गाव निघून जातं आणि मास्तर मागे राहतो. तुम्ही भिशीत उभं राहून एवढं जरी सांगितलंत, की आमच्या वडिलांना गावाने निरोप दिला होता आणि या मास्तरला निरोप द्यायला गावच उरलं नाही, तर जत-आटपाडीकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्या सांगलीच्या बायकांना आणखी काही समजावून सांगावं लागणार नाही.

'स्मृतिचित्रे'बद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर तुम्ही बोलून झालंय. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. ते आवडलं असं सगळेच सांगतात. सांगायचं असतं ते हे, की तुम्ही कुठे हसलात आणि कुणाला हसलात. बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायला लावणारे त्यांचे वडील आपल्याला हसवतात, मग त्या सोवळ्याखाली घर कसं दबून गेलं होतं ते दिसतं आणि हसू आपोआप ओसरतं. पुढे १८९५मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, नवराबायको काही वर्षं दुरावली, बाईंच्या वाट्याला नातेवाइकांच्या घरचं जिणं आलं. या भागात स्वतःची कीव करायला भरपूर जागा होती. त्यांनी ती केली नाही. जातपात आणि सोवळंओवळं स्वतःच्या मनातून कसं सुटत गेलं हे सांगताना लक्ष्मीबाई जशी वडिलांना सूट देत नाहीत तशी स्वतःलाही देत नाहीत, हे मला या पुस्तकातलं सगळ्यात मोठं धाडस वाटतं. शाळेत न गेलेली, नवऱ्याकडून अक्षरओळख झालेली बाई हे लिहिते. तुम्हाला दुसरं काही भावलं असेल. ते सांगा, फक्त प्रसंगाचं नाव घेऊन सांगा.

आता 'कोसला'. तुम्ही गप्प बसलात याचं मला वाईट वाटलं, कारण त्या दिवशी भिशीत सगळ्यात उपयोगी बोलणं तुमचं झालं असतं. सगळ्यांना आवडलेलं पुस्तक एकीला का आवडलं नाही हे कळलं की बाकीच्यांनाही आपल्याला ते का आवडलं याचा विचार करावा लागतो.

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. लेखक तेव्हा पंचविशीत. पुढे ज्ञानपीठापर्यंत सगळे मान मिळाल्यामुळे आज ती हातात घेतानाच आपण दबून जातो. तसं दबू नका. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो. होस्टेल, मेस, स्नेहसंमेलन, मित्रांची टिंगलटवाळी, उसने पैसे, परीक्षा यांत वर्षं घालवतो आणि हात हलवत गावी परततो. सांगताना हर वाक्यात 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. होस्टेलच्या भागात तुम्हाला कंटाळा आला ना? मग तसंच म्हणा: 'होस्टेलची पानं मला संपता संपेनात. हा मुलगा बापाचे पैसे उडवतोय आणि मला त्याचा राग येत होता.' घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या, पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांची कर्जं बघणाऱ्या बाईला पांडुरंगचा राग येणं हे अगदी रास्त मत आहे. ते समीक्षकाने लिहिलेलं नाही म्हणून हलकं ठरत नाही.

फक्त दोन गोष्टी करा. एक, पुस्तक कुठे सोडलंत ते स्पष्ट सांगा. अर्धं वाचून पूर्ण पुस्तकावर शिक्का मारू नये, एवढी शिस्त आपण पाळायलाच हवी. दुसरी गोष्ट, तो कंटाळा लेखकाच्या हातून निसटलाय की त्याने मुद्दाम आपल्यापर्यंत आणलाय, याचा थोडा विचार करा. मला वाटतं मुद्दाम. पांडुरंगलाच त्या जगण्याचा वीट आलाय आणि तो वीट आपल्याला सुद्धा यावा अशी ती पानं रचलीत. हे पटलं तरी ती पानं आवडली पाहिजेत असं बंधन नाही.

माझी एक विनंती मात्र आहे. राहिलेली कादंबरी वाचणार नसाल तर निदान मनीच्या मृत्यूचा भाग वाचा. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण, ती देवीच्या रोगाने जाते. आतापर्यंत सगळ्यावर वगैरे-वगैरे करणारा हा मुलगा तिथे हिशोब मांडू लागतो, की ही एवढीशी पोर गेली म्हणजे तिच्यापासून पुढे होऊ शकली असती ती सगळी माणसंही गेली. दुःखाने डोकं भलत्याच दिशेला धावू लागतं ते इतकं खरं मी मराठीत क्वचित वाचलंय. ती पानं वाचून मागची टवाळी निराळी दिसते का बघा. नाही दिसली तर नाही. पण मग 'कोसला मला आवडली नाही' हे वाक्य तुम्ही कुठेही, कुणाहीसमोर ताठ मानेने म्हणू शकाल.

भाचीने काढून दिलेल्या परिच्छेदांबद्दल. तुम्हाला ओशाळं वाटलं, यातच सगळं आलं. त्या परिच्छेदांत काही चुकीचं असेलच असं नाही. त्यांत ग्रामजीवनाचं वास्तव चित्रण, भाषेचा गोडवा, व्यक्तिरेखांचं जिवंत दर्शन असं सगळं असणार. अडचण ही, की ते शब्द 'बनगरवाडी'ला लागतात तसेच दुसऱ्या पन्नास कादंबऱ्यांनाही लागतात. अंजीची चोळी मात्र एकाच कादंबरीत आहे. म्हणून एक पथ्य पाळा: पुस्तक संपल्यावर स्वतःच्या चार ओळी लिहून होईपर्यंत त्या पुस्तकावरचं दुसऱ्याचं काहीही वाचायचं नाही. मोबाईलवरचं नाही, मलपृष्ठावरचं नाही आणि प्रस्तावनाही नाही. प्रस्तावना मी नेहमी शेवटी वाचते. मग ती वाचताना लेखकाशी नाही तरी प्रस्तावनाकाराशी चांगलं भांडता येतं.

चार ओळी कशा लिहायच्या ते माझ्या वहीतून दाखवते. या पावसाळ्यात विश्राम बेडेकरांची 'रणांगण' पुन्हा वाचली. १९३९ सालची छोटी कादंबरी. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. जुन्या प्रेमभंगाने कडवट झालेला हा चक्रधर आणि हॅर्टा नावाची ज्यू तरुणी बोटीवर एकमेकांजवळ येतात. वहीत मी लिहिलंय:

'मुंबई जवळ येते तिथे पुस्तक मिटून ठेवलं. त्याला उतरायला बंदर आहे, तिला नाही. त्याचा राग आला. तो वाईट नाही, तरी आला. बेडेकरांना पुढचा संहार ठाऊक असणं शक्य नव्हतं, मला ठाऊक आहे. म्हणून बोटीवरचं साधं बोलणंही मला सरळ वाचता येईना.'

एवढंच. यात कथानक नाही, लेखकाचा परिचय नाही, शिफारस नाही. पण या ओळी वाचल्या की ती बोट मला लख्ख आठवते. वाचलेलं महिन्याभरात विसरतं अशी तुमची तक्रार आहे ना, तिच्यावर मला सापडलेला उपाय हाच. कथानक विसरू द्या, ते पुन्हा चाळून मिळतं. तुम्ही कुठे थांबलात आणि तेव्हा काय वाटलं, ते मात्र पुस्तकात छापलेलं नसतं. ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कागदावर यायला हवं. खाली तारीख घाला. आणखी काही वर्षांनी तेच पुस्तक वाचाल आणि भलत्याच पानावर थांबाल, तेव्हा ती तारीख कामाला येईल.

एक इशाराही देऊन ठेवते. स्वतःची आठवण ही वाट प्रत्येक पुस्तकात शिरायला चालत नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं. मुंबईतली कावाखान्याची वस्ती, गोदीत काम करणारा बाप, गावातला महारवाडा. दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसून बोलतात, अशी सुरुवात. मी वेशीच्या आतल्या घरात वाढले. हे पुस्तक वाचून 'मलाही माझं बालपण आठवलं' असं मी म्हणाले तर ते खोटं होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या जगण्यावर मी माझं पांघरूण घालेन. इथे माझा अनुभव हा, की अमुक पानावर माझी समजूत तुटली, अमुक गोष्ट माझ्या गावातही होती आणि आमच्या घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. शिकला-सवरला, नोकरीला लागला, तरी दगडू पवारांच्या आतून जात नाही, आणि जावा की नाही हेही त्यांना ठरवता येत नाही. त्या दोन तुकड्यांच्या बोलण्याने मी फार अस्वस्थ झाले. भिशीत अशा पुस्तकावर बोलायची वेळ आली तर अस्वस्थ झाले असं म्हणून पुढे जाऊ नका. कशाने झालात, ते सांगा. अवघड जाईल. बाकीच्या बायका सगळ्या एकाच घरातून आलेल्या नसतील, हेही ध्यानात असू द्या.

आता पाच मिनिटांचं. लिहून नेऊ नका, वाचून दाखवलं की आवाज बदलतो. चिठ्ठी ठेवलेलं पुस्तक हातात घ्या, आधी तो उतारा मोठ्याने वाचा, अर्धं पान पुरे. मग वडिलांचं दोन-तीन वाक्यांत सांगा. मग उताऱ्याकडे परत या आणि तुम्हाला काय दिसलं ते बोला. 'जरूर वाचा' म्हणायची गरज पडणार नाही. मध्येच कुणी विचारलं, की याचा साहित्यिक दर्जा काय, तर मला एवढंच दिसलं, तुम्हाला काय दिसलं, असं मोकळेपणाने विचारा. भिशीचं सार्थक त्याच प्रश्नात आहे.

राहिली चिठ्ठी. तुम्हाला मास्तरच्या डोळ्यांनी बघितलेली वाडी आवडली, म्हणजे मोठ्या घडामोडीत सापडलेला साधा माणूस तुम्हाला आवडेल. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घ्या. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण घरचं कर्ज डोक्यावर घेऊन १८५७ साली दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. पुढे लुटालूट, कत्तल, पळापळ सगळं पाहून गंगेची कावड घेऊन तो घरी पोचला. राजेरजवाडे आणि सेनापती यांच्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. इथे जीव मुठीत धरून आडोशाला बसलेला, भुकेला, आईवडिलांच्या आठवणीने व्याकूळ झालेला माणूस बोलतो, आणि मध्येच जेवणाचं, दक्षिणेचं, रस्त्यात भेटलेल्या माणसांचं इतक्या आवडीने सांगतो की त्याच्यावर जीव जडतो.

घेताना आवृत्ती बघून घ्या. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून भटजींनी हे लिहिलं आणि वैद्यांनीच १९०७ साली ते छापलं, पण त्यांनी मजकुरात आणि भाषेत बराच फेरफार केला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ते १९६६मध्ये काढलं. भटजींचा स्वतःचा आवाज त्यात आहे. भाषा जुनी, पहिली काही पानं अडखळाल, मग सवय होते. दुकानदाराला 'मूळ हस्तलिखिताबरहुकूम असलेली प्रत द्या' असं नीट सांगा. तुमच्याकडून ती आणखी सगळ्याजणींच्या हातात जाणार आहे.